मामांनी बसवलेला गीझर

आपण चुकू शकतो, ही शक्यता माझ्या बायकोच्या मामांनी जन्मभर कधी विचारातच घेतली नाही. जूचंद्रच्या त्यांच्या घरात वायरमन सोडला तर कुणा कारागिराने पाऊल ठेवलेलं नाही. "पाना-पक्कडीशी मी बोलू शकतो, करंटशी नाय," असं ते स्वतःच सांगतात. बाकी नळ, शिलाई मशीन, स्कूटर सगळं ते उघडतात. परत बंद करताना दोन-चार स्क्रू उरतात. "कंपनी जास्तीचे देते," म्हणतात. त्यांची स्कूटर सुरू झाली की गल्लीतली मांजरं पळतात.

गेल्या हिवाळ्यात मामी अंगणात घसरल्या आणि त्यांचा खांदा निखळला. खांदा बसवला, पण हात वर जाईना. तांब्याने पाणी घेता येईना, आणि दुसऱ्याने आंघोळ घालावी हे त्यांना रुचेना. त्यांचं बोलणंच कमी झालं. डॉक्टरांनी खांद्यावर कोमट पाण्याची धार घ्यायला सांगितली, तसे मामा त्याच दिवशी शॉवर आणि इन्स्टंट गीझर घेऊन आले. "याला टाकीच नाय, पानी जाता जाता तापतं!" वायरमनने वेगळी लाइन ओढली, अर्थिंग तपासलं. मग मामांनी मला पाना धरायला उभं केलं, पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप जखमेला पट्टी बांधावी तशी गुंडाळली आणि दोन्ही पाइप आवळले. एक थेंब गळला नाही. शॉवर सोडला. पाणी बर्फासारखं!

"नवीन आहे, लाजतंय," मामा म्हणाले.

दाराबाहेरून मामींचा आवाज आला, "अहो, गीझरच्या निळ्या खुणेकडून थंड पाणी आत जायला हवं ना? तुम्ही लाल खुणेकडून सोडलंय."

"तेच बघत होतो, कोनाच्या लक्षात येतं ते!" मामांनी मेन स्विच बंद केला, पाणी बंद केलं आणि पाइपांची निमूट अदलाबदल केली. या वेळी पाणी सोडून स्विच लावताच गीझरचा दिवा लागला, शॉवरखाली वाफ दिसू लागली.

मामी आत गेल्या. मामा दाराबाहेर स्टूल टाकून बसले. "धार कमी करू का?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने आतून गुणगुणणं ऐकू आलं. पडल्यापासून मामी पहिल्यांदाच गात होत्या. मी काही बोलणार, तर मामांनी तोंडावर बोट ठेवलं. गाणं संपेपर्यंत ते दाराकडे कान लावून बसले. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि ते घाईघाईने म्हणाले, "वाफ फार होते या गीझरची."

दार बंद होतं. बाहेर वाफ नव्हतीच.