काच उचलताना बोलायचं नाही

माझ्या मेहुण्याला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, काचेच्या कारखान्यात सगळे ताठ्या म्हणतात. गर्विष्ठ म्हणून नव्हे. कंबर दुखायची म्हणून तो खांबासारखा चालायचा. रुमाल पडला तर आधी गुडघा टेकायचा, शिंक आली तर भिंत धरायचा. शर्टावरून कातड्याचा रुंद पट्टा कायम आवळलेला. त्याच्याविषयी कुणीतरी लिहावं असं बहिणीचं म्हणणं, आणि घरात रिकामा मीच. पण मी काच कापणारा. काचेवर हिरकणीची रेघ एकदाच ओढायची असते; इथे पहिलं वाक्य किती वेळा खोडलं ते विचारू नका.

ताठ्याचं काम काचा वाहून नेण्याचं. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची, एक पुढे, एक मागे. त्याचा जोडीदार चिमटा. बुटका, काटकुळा, पण त्याने धरलेली वस्तू सहसा सुटत नाही. आमच्या धंद्यात जुने लोक नव्यांना पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात. उचलण्याआधी छातीभर दम घ्यायचा, तो धरायचा आणि काच टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लांब अंतर असेल तर नाकातून जेमतेम श्वास. ‘बोललास की हललास, हललास की फुटली.’ ताठ्याला हे मीच शिकवलं होतं, आणि मला माझ्या उस्तादाने.

ताठ्याचं दुखणं फार जुनं. एका जिन्यात पाय घसरून तो पडला, कंबरेला मार बसला. मार बरा झाला, दुखणं मात्र पाहुण्यासारखं आलं आणि घरजावई होऊन बसलं. मालीश झाली, शेक झाले, गोळ्या झाल्या, गादी काढून फळीवर झोपून झालं. एक डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करा, दुसरा म्हणाला अजिबात करू नका. मणके झिजलेत यावर मात्र दोघांचं एकमत. बहीण म्हणायची, “मणके झिजलेत ना? मग सुट्टीच्या दिवशी कमी कसे दुखतात?”

मग एकदा काच नेताना ताठ्याची कंबर मध्येच अडकली. काच निसटली आणि चिमट्याच्या दंडाला टाके पडले. तेव्हापासून काच उचलण्याआधी चिमटा ताठ्याच्या पट्ट्याकडे बघून घ्यायचा. मालकाने ताठ्याला बोलावलं. “नव्या कचेरीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मोठी काच बसवायचीय. लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यानेच न्यायची. ती धड नेलीस तर राहा जोडीला. नाहीतर चिमट्याला दुसरा माणूस देतो आणि तू काउंटरवर बस.”

काउंटरवर बसणं म्हणजे ताठ्याच्या लेखी जिवंतपणी फोटो भिंतीवर लावून घेणं.

त्याच सुमारास बहिणीला कळलं की मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरबाई पाठीच्या जुन्या दुखण्यावर संशोधन करतात. जखम भरली तरी काहींचं दुखणं का राहतं, हा त्यांचा विषय. बहीण त्याला घेऊन गेली आणि सोबतीला मला.

बाईंनी पाठीचे जुने एक्स-रे उजेडासमोर धरले. “झीज आहे. पण अशीच झीज कंबर कधीच न दुखलेल्या माणसांतही आम्हाला दिसते.”

ताठ्याचा चेहरा पडला. “म्हणजे मी ढोंग करतो?”

“नाही हो. दुखणं खरंच आहे. पण घरात एकदा चोरी झाली की पुढे मांजर आलं तरी सगळे काठ्या घेऊन उठतात ना, तसं तुमच्या पाठीचं झालंय का, ते बघायचंय.”

त्याचा पट्टा काढला, पाठीवर तारा चिकटवल्या. पाठीचे स्नायू आवळले की पडद्यावरची रेघ वर जायची. समोर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं होतं. “उचला.”

ताठ्या उभा राहिला. त्याने खोक्याला हातही लावला नव्हता, तोच रेघ सरळ वर गेली आणि तिथेच राहिली.

“खोकं रिकामं आहे,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे.”

खोक्याच्या जागी उशी ठेवली. पुन्हा तेच. बाई पडद्याकडे बघायच्या थांबल्या आणि ताठ्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. “तुम्ही श्वास का धरता?”

ताठ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो चाचरत म्हणाला, “धरायचा नसतो का?”

मग मी आमचा नियम सांगितला. त्यांनी विचारलं, “आणि घरी? चपला उचलताना?”

“अहो बाई,” बहीण मध्येच म्हणाली, “चपलांचं काय घेऊन बसलात! हे पलंगावरून उठतानासुद्धा दम धरतात. मला इतकी वर्षं वाटायचं, सकाळी सकाळी माझ्यावर रुसलेत!”

बाई हसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे दिवसभर काचच उचलतात.”

इलाज ऐकून ताठ्याला घाम फुटला. पट्टा हळूहळू सोडायचा. रोज थोडं थोडं वाकायचं आणि वाकताना, उचलताना बोलत राहायचं, म्हणजे दम धरताच येत नाही. दुखलं तरी लगेच घाबरायचं नाही. ताठ्याने विचारलं, “याने बरा होईन?”

“सगळ्यांना लागू पडेल असं मी सांगणार नाही. तेच तर तपासतेय.”

घरी ताठ्या बादली उचलताना बोलू लागला. काय बोलावं सुचेना, तर बादलीचा रंग सांगायचा. बहीण म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे बोलायला लागले, ते पण बादलीशी.” दुखणं गेलं नाही. काही दिवस बरे, काही दिवस पूर्वीसारखेच. पण रुमाल पडला तर तो वाकून उचलू लागला.

काच न्यायचा दिवस आला. इमारतीच्या दारात चिमट्याने नेहमीसारखी नजर टाकली.

“पट्टा कुठाय?”

“घरी.”

“मग तूही घरी जा. तुझी पाठ गेली की माझा हात जातो.” त्याने दंडावरचा व्रण पुढे केला. “आणि उचलताना बोलणार आहेस म्हणे? रेडिओ आहेस का तू?”

“मला जमतंय रे आता.”

“बादलीला जमतंय. ही बादली नाही.”

मी मध्ये पडलो. शेवटी तडजोड झाली. पट्टा नाही, पण बोलायचंही नाही. ताठ्याने मान हलवली. मला ते पटलं नव्हतं, पण उस्तादाचा नियम मोडा असं म्हणायला माझीही जीभ रेटेना.

चिमटा पुढे, ताठ्या खालच्या बाजूला. जिन्यात खालच्यावर वजन जास्त येतं. मी पुढे उलटा चढत होतो, दारं उघडत, वाटेतल्या बादल्या सरकवत. पहिला जिना नीट गेला. कुणाचा आवाज नाही, फक्त बुटांचा.

वळणावर जागा अरुंद. काच तिरकी करून फिरवायची आणि टेकवायला जागाच नाही. तिथे मला ताठ्याचं तोंड दिसलं. ओठ पांढरे, मानेच्या शिरा वर आलेल्या, गाल फुगलेले. तो दम धरून उभा होता. काचेत पडलेलं जिन्यातल्या दिव्याचं प्रतिबिंब थरथरू लागलं. मागच्या वेळी अगदी असंच झालं असणार. काच सुटली तर या वेळी टाक्यांवर भागणार नव्हतं, कारण तिरकी केलेली काच चिमट्याच्या डोक्यावर झुकली होती.

ताठ्याने माझ्याकडे पाहिलं. ‘बोल’ म्हणावं की नको, ते मी ठरवत होतो.

मग तोच बोलला. “दुखतंय.”

“गप्प!” चिमटा ओरडला.

ओरडल्यावर त्याचं त्यालाच कळलं की तोही बोललाय. आणि काच जागेवर आहे.

कुणी हललं नाही. मग चिमट्याने मान न वळवता विचारलं, “कुठे?”

“नेहमीच्या जागी.”

“धरवतंय ना? खरं सांग.”

“धरवतंय. पण दम सोडू दे मला.”

“सोड बाबा, सोड!”

ताठ्याने श्वास सोडला. एवढा मोठा, की काचेवर वाफ धरली. त्याचे खांदे खाली आले आणि दिव्याचं प्रतिबिंब स्थिर झालं.

“पायरी आली,” तो म्हणाला. “तुझ्या डावीकडे कठडा आहे. दादा, तुम्ही दारात नका उभे राहू. आता मी उजवा पाय टाकतोय. अजून दुखतंय, पण कमी.”

“हं.”

“चिमट्या, तुझा शर्ट मागून फाटलाय.”

“वर पोचू दे, मग तुला फाडतो.”

अशी बडबड करत दोघांनी काच वर आणली. मी चौकटीत बसवली, पुट्टी भरली. संध्याकाळी ताठ्याची कंबर ठणकली आणि तो लवकर आडवा झाला, हेही लिहायला हवं. बाईंचं संशोधन चालूच आहे. त्यांच्याकडच्या काही माणसांना फरक पडला, काहींना अजिबात नाही, आणि का, ते त्यांनाही अजून नक्की कळलेलं नाही.

काउंटरवरची खुर्ची रिकामीच राहिली. पुढच्या कामाला मी गाडीत काच बांधत होतो, तेव्हा दोघे उचलायला उभे राहिले. ताठ्याने जुन्या सवयीने छातीभर दम घेतला. चिमट्याने ते पाहिलं आणि हात काढून घेतले.

“बोल रे आधी काहीतरी,” तो म्हणाला. “गप्प राहिलास तर मी काच सोडीन.”