मावशीच्या दातांमागचं गाव

माझी मावशी बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते. काचेच्या खोलीत, माइकसमोर, डोळे मिटून. तिचा आवाज फलाटांवर धुक्यासारखा पसरतो. बाकांवरचे लोक ऐकता ऐकता पेंगतात आणि त्यांच्या गाड्या चुकतात, ही गोष्ट वेगळी!

यंदा तिचे खालचे पुढचे दात हलायला लागले. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "आतलं किटण काढावं लागेल."

"नको गं बाई! दातांत फट पडेल. मग माझ्या 'स'ची शिट्टी होईल. सात नंबर, सुटत आहे, सामान सांभाळा... माझं पोटच 'स'वर आहे. माइक जाईल माझा."

"आणि दात पडले तर?"

मावशीने जिभेने हलता दात चाचपला.

डॉक्टरणीने दातावरचा मऊसा थर खरवडून काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडदा उजळला. पाण्याखालचं गावच जणू! मण्यांच्या माळा, डुलणाऱ्या काड्या, गिरक्या घेणारे ठिपके.

"दात घासले की लगेच लाळेचा पातळ पापुद्रा बसतो. पहिले जंतू त्याला चिकटतात, पुढचे त्यांना धरून बसतात. मग सगळे मिळून चिकट घर बांधतात. पाणी खेळायला आत गल्ल्यासुद्धा. तेच पुढे कडक होऊन किटण बनतं."

"म्हणजे आधी रुमाल टाकून जागा धरायची, मागून अख्खं खानदान! आणि तिकीट?"

"तिकीट तुमच्या हिरड्या भरतायत. सुजल्यात बघा."

मावशी पडद्याकडे बघतच राहिली. "मी बोलते तेव्हा यांच्या आभाळात गडगडत असेल, नाही?" मग हळूच तिने तोंड उघडलं. "काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळच बसले होते. तिने माइक सुरू केला. "सात नंबर..." आणि लांबलचक शिट्टी.

स्टँडचे साहेब धावत आले. "मावशी, गाडी सुटतेय की कुकर?"

माइक बंद करायला तिचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात काचेबाहेर बाकं खडबडून जागी झाली. लोक पिशव्या कवटाळून पळत सुटले. एक आजोबा गाडीच्या दाराशी थबकून मावशीकडे बघत ओरडले, "पोरी, आज प्रथमच गाडी मिळतेय मला!"

साहेबांनी डोकं खाजवलं. "चालू ठेवा."

आता रोज सकाळी मावशी आरशापुढे डोळे मिटून, हिरडीच्या कडेकडेने सावकाश ब्रश फिरवते. चूळ भरली की आतल्यांना घोषणा होते, शिट्टीसकट:

"सर्व प्रवाशांनी उतरून घ्यावं. आपापले रुमालसुद्धा उचलावेत."