मिग्दालियाच्या पडवीतली तपासणी

पेरूच्या वड्यांच्या कारखान्यात मिग्दालिया एकतीस वर्षं तपासनीस होती. तिची सही नसलेली पेटी ट्रकवर चढत नसे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून तिनं नवऱ्याला तपासायला घेतलं. एलादियो तीन महिन्यांत वाळला. मग शेजारणीचा बिघडलेला फोन तिच्याकडे आला आणि एलादियो सुटला.

त्यांच्या ओल्गिन शहरात इंटरनेट महाग आणि रडतखडत चालणारं. फोनमधलं अ‍ॅपचं अधिकृत दुकान मनात आलं तर उघडतं. त्यामुळे इथं अ‍ॅप एकमेकांकडून घ्यायचं, फोनला फोन जोडून. गल्लीत नवं काही आलं की आधी मिग्दालियाच्या पडवीत दाखवायचं, असा रिवाजच पडला. ती चष्मा लावून विचारायची, "कुणाकडून आणलंस?" मग अ‍ॅपचा आकार वहीत लिहून ठेवलेल्या मूळ आकाराशी ताडून बघायची. जुन्यावर नवं चढेना, बनवणाऱ्याची सही जुळेना, की अ‍ॅप बाद. शेवटी ते काय काय मागतंय ते वाचायची.

"पोरी, हा नुसता टॉर्च ना? मग याला तुझे मेसेज कशाला वाचायचेत? उजेड पडला म्हणून?"

बाहेरचं अ‍ॅप घ्यायची परवानगी ती तेवढ्यापुरती चालू करायची, काम झालं की लगेच बंद. "पाहुणा आत आला की दार लावतात. तुम्ही बिऱ्हाड येईपर्यंत उघडं ठेवता," म्हणायची. सकाळी नऊपासून पडवीतल्या चार खुर्च्या भरलेल्या असत. माणसांना आपली गरज आहे, याची चव तिला पेरूच्या वडीपेक्षा गोड लागत होती.

एका शनिवारी शिवणकाम करणारी युसिमी तणतणत आली. मागोमाग अर्धी गल्ली.

"मावशी, तुझ्या पडवीतल्या अ‍ॅपनं माझी अब्रू घेतली. माझ्या फोनवरून सगळ्यांना मेसेज गेलाय. 'तुझी फार आठवण येते, हा फोटो बघ.' पाद्रीबाबांना गेला. गॅसवाल्याला गेला. घटस्फोटित नवऱ्यालाही गेला, आणि तो केक घेऊन दारात उभा आहे."

"कुठलं अ‍ॅप?"

"डॉमिनोचं. जाहिराती नसलेलं."

"असलं अ‍ॅप मी पाहिलंच नाही."

"आता असंच म्हणणार," न्हावी ओस्मेल म्हणाला. "माझ्याही फोनवरून तोच मेसेज गेला. गिऱ्हाइकं आठवणीनं व्याकूळ होऊन येताहेत, केस कुणी कापत नाही. उद्यापासून मी पडवीत यायचा नाही."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मिग्दालियानं चष्मा लावला. पेटी नासली की माग काढायचा, हे तिच्या हाडात होतं. आणि रांग लावताना आपण कुणाच्या मागे, हे इथं लहान मूलसुद्धा विसरत नाही.

"रांगेतल्यासारखं सांगा," ती म्हणाली. "युसिमी, तुझ्या पुढे कोण?"

"ओस्मेल. त्यानं दिलं."

"ओस्मेल, तुझ्या पुढे?"

"लासारा."

लासारा कॉफी विकायची. ती एकदम स्वतःच्या चपलांकडे बघू लागली.

"लासारा, तोंडात कॉफी धरलीयस का?"

"मला एलादियोनं दिलं," लासारा म्हणाली.

आत युकाचे कंद सोलण्याचा आवाज थांबला. मिग्दालियाला क्षणभर वाटलं, इथंच थांबावं. लासाराला नीट आठवत नसेल म्हणून टाकावं. लासाराही तयार दिसत होती. पण सडकी पेटी आपल्याच गोदामातली म्हणून सोडायची, हे तिला एकतीस वर्षांत जमलं नव्हतं.

"म्हाताऱ्या, बाहेर ये."

एलादियो सुरी हातात घेऊनच आला.

"तुझ्या पुढे कोण?"

"बागेतल्या डॉमिनोच्या टेबलावरचा एक जण. परगावचा होता."

"मला का दाखवलं नाहीस?"

"तू विचारलं असतंस, खेळाला फोनबुक कशाला."

"मग?"

"मग तू नाही म्हणाली असतीस."

मिग्दालिया गल्लीकडे वळली. "पहिला माणूस माझ्या घरचा आहे. चूक इथली."

मग युसिमीनं डोळे बारीक केले. "काकांचा फोन बिघडला, म्हणजे तो मेसेज तुलाही आला असेल."

"आला होता. मंगळवारी."

"मग तू काय तपासलंस?"

मिग्दालियानं चष्मा काढून पुसला. "काही नाही. फोटो उघडेना. म्हटलं, म्हाताऱ्याला पाठवता आला नसेल." ती थांबली. "मी त्याच्यासाठी फ्लान केला."

"सहा अंडी घालून," एलादियो म्हणाला. "मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय म्हणून गोड करतेय."

पडवी हसून हसून वाकली. युसिमीला तर भिंत धरावी लागली. मिग्दालियानं एकेकाचा फोन घेतला, खेळ काढून टाकला, त्याला दिलेल्या परवानग्या बंद केल्या, पासवर्ड बदलायला लावले. एलादियोच्या फोनमधले उरलेले बुद्धिबळ आणि पत्तेही, काही दोष नसताना, गेले.

सोमवारी अकरा वाजले तरी चारही खुर्च्या रिकाम्या. तिनं दोनदा पडवी झाडली. साडेअकराला ओस्मेल आला, बसला नाही. "हवामानाचं एक अ‍ॅप आणलंय. पण आधी तुझा फोन दाखव."

मिग्दालियानं त्याच्याकडे पाहिलं. कारखान्यात असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

तिनं फोन उघडून त्याच्या हातात दिला आणि खुर्ची पुढे सरकवली. "बस. घाई करू नकोस, शेवटपर्यंत वाच."