दोन वाट्या ग्लुकोज, एक वाटी साखर

माझ्या जिभेचा मला फार गर्व होता. कोडोलीला उसाच्या रानात वाढलेली मी. गुळाचा खडा तोंडात टाकला की त्यात साखर मिसळलीय का नाही ते सांगायची, आणि बरोबर सांगायची. त्याच जिभेला माझ्या नवऱ्यानं अडीच महिने फसवलं.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागले. शिरोलीला एका फौंड्रीत स्टोअर सांभाळते. दिवसभर खुर्ची आणि रजिस्टर, त्यामुळं गुडघे धरले होते. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता पळायलाच लागले आणि गोडी लागली ती लागलीच. शेजारणी म्हणायच्या, "वहिनी, मागं कुत्रं लागलंय का काय?" म्हणू देत! चार वर्षं माझं एकच वेड, पन्हाळ्याचा घाट न थांबता पळत चढायचा. तिथं एक शर्यत होते, तिच्यात यंदा नाव घातलं.

पळून आल्यावर काय प्यायचं, यावर मी जेवढं डोकं चालवलं तेवढं लेकीच्या लग्नातही चालवलं नव्हतं. सकाळी बारा-पंधरा किलोमीटर पळून आलं की पायातली साखरेची साठवण पार संपलेली असते. ती लगेच भरली नाही तर पुढच्या सकाळी पाय उचलत नाहीत. मला आठची बस. नाष्ट्याला वेळ नाही, जेवणाचा डबा उघडायचा एक वाजता. म्हणजे जे काय भरायचं ते एका बाटलीत. पहिल्यांदा अर्थातच माहेरचा गूळ. तो दुधात घातला की दूध फाटायचं. मग मध घेतला. मधातली, फळातली साखर जास्त झाली की पोट ढवळतं, हे मला बसमध्ये कळलं, आणि कसं कळलं ते विचारू नका. नुसतं ग्लुकोज घेतलं तर घशाखाली उतरेना. शेवटी आमच्यात पळणाऱ्या एका बाईनं सांगितलेलं जमलं. दोन वाट्या ग्लुकोज, एक वाटी साधी साखर, चिमूटभर मीठ, असं डब्यात मिसळून ठेवायचं. त्यातलं चार मोठे चमचे गार दुधात. डब्याच्या झाकणावर मी मापसुद्धा लिहून ठेवलं.

आमच्या ह्यांचं औषधाचं दुकान आहे. ग्लुकोज हेच आणायचे, हेच मिसळायचे आणि मी दारात बूट सोडेपर्यंत बाटली माझ्या हातात द्यायचे. सव्वीस वर्षांच्या संसारात मला असं दारात उभं राहून कुणी काही दिलं नव्हतं. मी हे फौंड्रीभर सांगत सुटले होते. बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस की गं!"

संक्रांतीनंतर पाय जड व्हायला लागले. सहाव्या किलोमीटरला मांड्या दगड. स्टोअरमध्ये अकरा वाजता डोळ्यांपुढं अंधारी यायची, रजिस्टरमधले आकडे हलायचे. आणि दुधाची चव. गोड होती, पण पिऊन झाल्यावर घशात काहीतरी कडवट रेंगाळायचं. मी सरळ विचारलं, "अहो, चव वेगळी लागतीया. काय बदललंय का?"

"न्हाय गं. म्हशीचा चारा बदलला असंल."

एवढ्या सहज म्हणाले. मी म्हशीला दोष देऊन मोकळी झाले.

घाटात सरावाला तीनदा गेले आणि तीनदा निम्म्यातनं परत आले. तिसऱ्या वेळी कठड्यावर बसून रडले. त्या संध्याकाळी ह्यांनी माझ्या पोटऱ्यांना तेल चोळलं. म्हणाले, "सत्तेचाळीस म्हंजे काय ल्हान वय हाय का? अंग सांगतंय ते ऐकावं माणसानं." मी ऐकलं. शर्यतीचा नंबर एका तरुण मुलीला देऊन टाकला आणि शर्यतीच्या दिवशी घाटाच्या वळणावर उभं राहून लोकांना पाणी वाटलं. माझ्यापेक्षा थोरल्या बायका हसत वर गेल्या. आपलं संपलं, एवढंच डोक्यात.

मार्चच्या शेवटी हे एका वास्तुशांतीला गडहिंग्लजला गेले. मी हौस म्हणून थोडं पळून आले आणि कित्येक महिन्यांनी स्वतः बाटली करायला घेतली. घाईत डबा हातातनं सुटला, ओट्यावर भसकन पांढरा ढीग. पुसायला वेळ नव्हता, तसंच टाकून कामाला गेले. संध्याकाळी दार उघडलं तर सकाळच्या चहाचा एक थेंब सांडलेला, त्याच्यावर लाल मुंग्यांचा गराडा. आणि वीतभर पलीकडं तो ढीग, जसाच्या तसा. एक मुंगी नाही. आमच्या घरात उन्हाळ्यात साखरेचा दाणा पडायचा अवकाश!

चिमूटभर तोंडात टाकलं. आधी गोड, मग तेच कडवट. हातात तोलून बघितलं तर वजनच नाही. डब्यात ग्लुकोजही नव्हतं आणि साखरही नव्हती. होती ती मधुमेहवाल्यांची नकली साखर, चहात घालतात ती. दिवसभर माल तोलणारी बाई मी, आणि घरातला चमचा कधी तोलला नव्हता!

हे आले तेव्हा ढीग तसाच होता. मी बोटानं दाखवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खोटं बोलले नाहीत, एवढं मान्य करते.

"साखरेच्या आजारानं तुझ्या आईचा पाय काढला तवा कागदावर सही मी केलीया," ते म्हणाले. "तू रोज सकाळी माझ्यासमोर साखर ढोसतीस. बघवत नव्हतं."

"माझा रिपोर्ट चांगला आहे. तुम्हीच वाचलाय."

"आज चांगला हाय."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. भांडले असते, आकाशपाताळ एक केलं असतं. पण माझे पाय गेले, असं तरी मी समजले नसते. सगळा दोष त्या बाटलीचा होता का, मला माहीत नाही. वय असेल, काम असेल. पण मी घाटातनं रडत आले तेव्हा ह्या माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच हातांनी तो माझे पाय चोळत होता. साखर बदलली ते मी एखाद्या वेळी पोटात घालीन. ते तेल नाही घालू शकत. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आता माझी बाटली मीच करते. मेमध्ये घाट चढले, न थांबता. वर पोचल्यावर कुणाला फोन करावा ते सुचेना, म्हणून नाही केला.

पावसाळ्यात मला ताप आला. अंगात कणकण, डोळे उघडत नव्हते. हे उशाशी आले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या तळहातावर सुटी गोळी. सगळी गल्ली ह्यांच्या हातची औषधं डोळे झाकून घेते.

मी म्हटलं, "पाकीट दाखवा."

ते स्वयंपाकघरात गेले, पाकीट आणलं, माझा चष्मा आणला आणि मी नाव वाचून होईपर्यंत तांब्या धरून तसेच उभे राहिले.