पेंढ्याखालचा ओटा

"लिहून आहे का कुठे?" असं विचारल्याशिवाय त्या बाईचं पान हलत नव्हतं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. लोक त्याला किरकिरं म्हणतात आणि अडलं की त्याच्याच दारात जातात.

ती नागपूरची. साठी उलटलेली, अंगाने बारीक, गळ्यात दोरीचा चष्मा आणि पर्समध्ये मोजायचा टेप. इथे अ‍ॅशबर्नला आमची भाजीची सामायिक बाग आहे. जमीन काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या सरकारची, तिचे तुकडे पाडलेले, एका घराला एक. बहुतेक घरं कॉम्प्युटरवाल्या पोरांची. दिवसभर पडद्यासमोर बसायचं आणि संध्याकाळी मेथीला पाणी घालायचं. बागेचे सगळे कागद बाई बघायची. पोरं तिला मावशी म्हणायची. ती मला भाऊ म्हणायची.

मी चौथी शिकलेला गवंडी. मुलाने इकडे आणलं तेव्हा आम्ही दोघं होतो.

पहिल्या उन्हाळ्यात मी दोडक्याला मांडव घातला. बाई टेप घेऊन हजर.

"भाऊ, मांडव सहा फुटांच्या वर गेला."

"किती?"

"चार बोटं."

"चार बोटांनी अमेरिका पडते का?"

"पडत नाही हो. पण सहा लिहून आहे ना."

मी मनात शिव्या घालत बांबू कापले. ती खाली वाकून कापलेले तुकडे गोळा करत होती. हातात देत म्हणाली, "मिरच्यांना टेकू लावा यांचे. टेकूला नियम नाही, मी पाहून ठेवलंय."

तिचं असंच होतं. नियमाबाहेर पाऊल टाकू देणार नाही, पण नियमाच्या आत तुमची सोय लावून देणार. मला तेव्हा फक्त टेप दिसायचा.

आमच्या मंडळींचे गुडघे गेलेले. पण संध्याकाळी बागेत यायची हौस. मुलाने प्लास्टिकची खुर्ची आणली, ती चिखलात रुतली आणि ही पडली. त्या पडण्याने माझं डोकं फिरलं. एका सकाळी कोणी नसताना मी फूटभर खणलं, सिमेंट ओतलं, विटा लावल्या आणि हिला बसायला ओटा बांधला. दोन हात लांब, गुडघ्याएवढा उंच. ओळंबा लावून. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, हिच्यासाठी बांधलेलं एवढंच.

बागेत पक्कं काही बांधायचं नाही, हे मला माहीत होतं. शेजारच्या ओढ्याचं पाणी चढतं म्हणून तसा नियम होता, आणि बाईने तो सगळ्यांना तोंडी सांगितला होता. तेव्हा इंग्रजी वाचता येत नाही हे कारण मी देणार नाही. मी ओट्यावर चहूबाजूंनी पेंढा बांधला. लोकांना वाटायचं, म्हातारा पेंढ्याचा भारा ठेवून बसतो. ही त्यावर जेमतेम महिनाभर बसली. थंडीत गेली.

पुढच्या वसंतात नव्या बागेचं निघालं. ओढ्यापलीकडची जमीन. कितीतरी घरं तुकड्यासाठी थांबलेली. त्या परवानगीमागे बाई दोन वर्षं होती. गाड्या कुठे लावणार, कुंपण केवढं, ओढ्यापासून किती लांब, अवजारांची खोली केवढी, सगळं तिने काढून दिलं. काउंटी म्हणाली, आधी तुमची जुनी बाग बघू, मग ठरवू. जुन्या बागेत पक्कं बांधकाम एकही नाही, असं बाईने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं होतं.

आदल्या दिवशी ती तुकडान् तुकडा फिरली. एका पोराचा पाण्याचा पाइपही तिने उकरायला लावला. माझ्याकडे आली आणि बांधावरच थांबली. टेप हातात तसाच.

"भाऊ, जमिनीत पक्कं काही नाही ना?"

"नाही."

"वहिनींची जागा आहे. इथे मी आत येत नाही." तिने कागदावर खूण केली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी काउंटीचा तरुण अधिकारी आला. भला माणूस. सगळीकडे मान डोलावत माझ्याकडे पोचला आणि लिहायला म्हणून पेंढ्यावर टेकला. लगेच उठला. हाताने पेंढा बाजूला केला.

काउंटीच्या सुनावणीला मी तिसऱ्या रांगेत होतो. मुलगा कानात मराठीत सांगत होता. बाईला विचारलं, सगळे तुकडे पाहिलेत का? ती उभी राहिली. या माणसाला विचारलं होतं, असं म्हणायला तिला एक बोट पुरलं असतं. ती म्हणाली, "एक पाहिला नाही. चूक माझी." मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, उठा. तुम्ही बोला, मी ट्रान्सलेट करतो," मुलगा म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो.

परवानगी नाकारली. बाहेर पार्किंगमध्ये ती माझ्याकडे आली.

"वहिनींसाठी ना, भाऊ?"

मी मुलाच्या गाडीचं दार उघडायला लागलो.

"मला काहून नाही सांगितलं? लाकडी बाक चालतो. मी परवानगी काढून दिली असती."

पाय धरायला हवे होते मी. माझ्या तोंडून काय निघालं ते लिहितो. "तुम्हाला टेप लावायला कोणी अडवलं होतं?"

तिने पर्स खांद्याला लावली. मग "हाव, बरोबर आहे तुमचं," म्हणाली आणि गाडीत बसली.

ओटा फोडायला बागेतली दोन पोरं आली. दुपारभर घण घालत होती. "काका, काय सॉलिड बांधलाय यार," एक जण कौतुकाने म्हणाला. मी घरी निघून गेलो.

त्याच उन्हाळ्यात बाई मुलीकडे मिशिगनला राहायला गेली. नंबर मुलाकडे आहे. मी मागितलेला नाही.

परवा बागेची सभा झाली. नव्या बागेसाठी पुन्हा अर्ज करता येतो, फक्त जबाबदार म्हणून एकाची सही लागते. मोठ्या टेबलाभोवती आम्ही सगळे. फॉर्म फिरायला लागला. एक म्हणाला, मी ट्रॅव्हल करतो. दुसरा म्हणाला, व्हिसावर आहे, कशाला लफडं. तिसऱ्याने न बोलताच पुढे सरकवला. माझ्यापुढे आला. मला सही करता येते, मराठीत. मराठी सही इथे चालते, हेही मुलाने मला सांगितलेलं आहे. मी तो कागद वाचत असल्यासारखा थोडा वेळ धरला आणि शेजारच्याला दिला.