तळ्यातली बस

ऐन जुलैत, दोह्यात माणसं गाडीपासून दारापर्यंतसुद्धा पळत जातात त्या दिवसांत, मदिनत खलीफातल्या आमच्या कंपाउंडमध्ये एक गृहस्थ डोक्यावरून टॉवेल घेऊन आणि छातीशी होकायंत्र धरून फेऱ्या मारायचे. टॉवेलाखालून त्यांना फक्त होकायंत्राची सुई दिसे. मग ते कुणाच्या तरी उभ्या गाडीवर आदळत, गाडीला "सॉरी" म्हणत आणि दिशा बदलून पुढे निघत. मुलं त्यांना सबमरीन अंकल म्हणत, आम्ही पाणबुडेकाका.

काका नाशिकचे, गॅस प्लांटवर इंजिनीअर. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरताच. मग त्यांची मुलगी सई शिकायला कॅनडात गेली आणि तिथल्या एका गारठलेल्या तळ्यात डायव्हिंग करू लागली. त्या तळ्याच्या तळाशी हौशी लोकांसाठी मुद्दाम वस्तू बुडवून ठेवल्या होत्या: एक छोटं विमान, एक होडी, एक शाळेची पिवळी बस. पाणी इतकं गढूळ की एकीकडून दुसरीकडे जायला होकायंत्र हवंच. सईने फोटो पाठवले आणि काकांनी जाहीर केलं, "सईबरोबर मी त्या बसपर्यंत जाणार."

काकूंनी कपाळाला हात लावला. "बसच बघायची तर दोह्यात काय कमी आहेत? त्या कोरड्या तरी आहेत!"

काका हट्टाने पोहायला शिकले, इथल्या समुद्रात डायव्हिंगही शिकले. पण इथला समुद्र उन्हाळ्यात म्हणजे चहाचं आधण. थंडीची सवय व्हायची कशी? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर इतकं तापतं की गार पाण्यासाठी आम्ही घरातला गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी घेतो. काकांनी ते पाणी टबात भरलं आणि कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे आमच्या वाण्याकडून, बर्फाच्या पिशव्या आणायला सुरुवात केली. "साब, रोज पार्टी?" असं त्या दुकानदाराने विचारलं, तर काका म्हणाले, "पार्टी नहीं, प्रॅक्टिस." काका रबरी सूट चढवून टबात बसले की काकू दारावर थाप मारून विचारत, "आहात ना?" आतून दातांचा कडकडाट ऐकू आला की त्या निर्धास्तपणे पोळ्या लाटायला जात.

शेजारी असल्यामुळे मी आयताच सापडलो. पाण्याखाली एकटं जायचं नसतं, जोडीदार लागतो, त्याला 'बडी' म्हणतात. तो मी. कंपाउंडमधली घसरगुंडी म्हणजे विमान, कचऱ्याची पेटी म्हणजे होडी आणि वॉचमनची केबिन म्हणजे बस. काकांचा नियम एकच: "गढूळ पाण्यात बडीचा हात धरायचा आणि वर येईपर्यंत सोडायचा नाही." असे आम्ही दोन बाप्ये टॉवेल पांघरून, हातात हात घालून निघायचो. पहिल्याच दिवशी वॉचमन धावत आला. "साब, कुछ खो गया क्या?"

"बस ढूंढ रहे हैं," काका टॉवेलातून म्हणाले. त्या भल्या माणसाने आम्हाला बसस्टॉपचा रस्ता दाखवला.

एका संध्याकाळी घामाने निथळत कट्ट्यावर बसलो असताना मी वैतागून म्हणालो, "काका, पोरीकडे जा, चार दिवस राहा, फिरा. हा खटाटोप कशासाठी?"

काका टॉवेल पिळत राहिले. मग म्हणाले, "सई शाळेत असल्यापासून मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तिला कळतं सगळं. पण आता फोनवर 'आय ॲम फाइन, बाबा' याच्यापुढे गाडीच सरकत नाही रे. पाण्याखाली कुणालाच बोलता येत नाही. तिथे जमेल आमचं." मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली. तेवढ्यात ते उठले. "यल्ला, चल. विमान राहिलंय."

काका कॅनडाला जाऊन आले तेव्हा सगळं कंपाउंड त्यांच्याकडे चहाला जमलं. बस सापडली का?

"नाही सापडली," काका म्हणाले.

एवढी तयारी करूनही ते तळ्यात भरकटले होते. हसून हसून आमच्या कपांतला चहा सांडला. काकू म्हणाल्या, "बर्फ फुकट गेला!" पुढे कितीतरी दिवस जो तो त्यांना बसवरून चिडवायचा, आणि काकाही हसायचे.

मग त्यांची नोकरी संपली आणि दोघं कायमची नाशिकला निघाली. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. काकू ट्रॉली घेऊन पुढे गेल्या तशी काकांनी खिशातून होकायंत्र काढून माझ्या हातात ठेवलं.

"बिघडलेलं यंत्र माझ्या गळ्यात मारताय होय?" मी म्हणालो.

"त्याला नाव ठेवू नकोस. बरोबर नेलं होतं त्याने." काकांनी आवाज खाली आणला. "बस दिसली होती मला. पिवळी, अंधूक. पण सईने माझा हात धरला होता. बसपाशी पोचलो असतो तर हात सोडून फोटो काढत बसली असती. म्हणून मी वळलो दुसरीकडे."

मी हातातलं होकायंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"वर यायची वेळ होईपर्यंत हिंडवलं तिला. आणि वर आल्यावर तोंडातली नळी काढून ती काय म्हणाली, माहितेय? 'बाबा, किती वेंधळा आहेस तू!'" काकांचे डोळे भरून आले होते. "मराठीत म्हणाली रे."

माझी पाठ थोपटून ते निघाले आणि थेट भलत्याच विमानाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. समोर केवढा तरी मोठा फलक होता. लांबून काकू तणतणत आल्या, त्यांनी काकांचा हात धरला आणि त्यांना ओढत आपल्या रांगेकडे नेलं.

जाता जाता काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला.