होडी बांधायचा दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं त्या आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

भिगवणचा सूर्योदय तुम्ही पाहिला असेल, निदान फोनवर तरी. उजनीचं पसरलेलं पाणी, त्यात रांगेनं उभे फ्लेमिंगो आणि मागून वर येणारा तांबडा गोळा. माळेगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या प्रत्येक बाईच्या स्टेटसला तो फोटो लागून झाला होता, माझ्याच नव्हता. पुण्या-मुंबईची माणसं येऊन बघून जातात आणि आपण? मला ते फार लागायचं. किती क्षुल्लक आहे हे, कळतंय मला. पण सुरुवात तिथूनच आहे.

माझे वडील, तात्या, कऱ्हाटीला भावाकडे राहायचे. काचबिंदूनं नजर गेलेली, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. त्यांचं मूळ गाव इंदापूरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याखाली. पाणी फारच हटलं तर तिथलं भैरोबाचं देऊळ उघडं पडतं. त्या वर्षी ते लवकर उघडं पडलं आणि तात्यांनी धोशा लावला, "मला एकदा तितं ने. दिस उगवताना ने." कशाला, ते सांगेनात. भावाच्या उसाला तोड आलेली, त्याला हलता येईना. मी म्हटलं, मी नेते. नवीनच गाडी शिकले होते.

आता सांगते — गाडी मी इंदापूरकडे नेलीच नाही. डांबरी सोडायची, पुढे भेगाळलेल्या गाळातून तात्यांचा हात धरून चालायचं, तोवर ऊन वर येणार. आणि इकडे भिगवणला फ्लेमिंगो अजून थांबलेले, आठवड्याभरात निघून जातील. तात्यांना काय दिसणार आहे? पाणी काय, सगळीकडे सारखंच. असं मी मनात म्हटलं. हेच शब्द होते माझे. भिगवणजवळ मी गाडी पाण्याकडे वळवली, काठाला लावली आणि म्हणाले, "तात्या, आलं बघा आपलं गाव."

ते उतरले. चपला काढल्या. ओल्या मातीत अनवाणी उभे राहिले.

"देऊळ दिसतंय का गं?"

"दिसतंय की."

"पायरी उघडी हाय?"

"व्हय, हाय."

"माझा हात ठिव तिच्यावर."

काठाला एक दगड होता, कोळी लोक होड्या बांधतात तो. दोरानं घासून गुळगुळीत झालेला. मी तात्यांचा हात धरला आणि त्या दगडावर ठेवला. इतकं सोपं होतं ते! तात्या त्याला टेकून बसले. मी जरा बाजूला जाऊन फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

दिवस वर आला. तोंडावर ऊब लागली तसे तात्या बोलायला लागले. मला वाटलं, देवाशी बोलताहेत.

"सोपाना, उशीर झाला रं. पाणी हटंना, मग डोळं गेलं. तुझी आई बरी हाय. तुला बांधावर एकट्याला टाकून आमी निघून गेलो. राग धरू नगस."

सोपान कोण? मला माहीत नव्हतं. ते बोलत गेले तसं तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. आमच्याआधी त्यांना एक मुलगा झाला होता. रांगायला लागला आणि तापानं गेला. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. देवळामागच्या आमच्या मळ्यात, बांधावर, सूर्य उगवताना तात्यांनी त्याला पुरलं होतं. नंतर गाव उठलं, पाणी चढलं, आणि घरात हा विषय कुणी काढलाच नाही.

अजून वेळ होता ना? गाडी होती, पेट्रोल होतं, इंदापूर पुढंच होतं. 'तात्या, हे ते नव्हे, मी खोटं बोलले' — एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं का मी? तेवढ्यात थवा उठला. सगळ्या पंखांखालचा तो गुलाबी रंग एकदम उघडला, आणि मी फोन वर धरला. बाप रडत होता आणि मी पक्षी टिपत होते.

तो व्हिडिओ मी त्याच दिवशी स्टेटसला लावला. त्यात तात्यांचा आवाज येत होता. मी तो आवाज बंद केला आणि मग लावला. खूप जणींनी छान म्हटलं.

तात्यांनी उपरण्याच्या टोकात तिथली माती बांधून आणली. जिथं मासे धुतात तिथली माती. आईनं ती तुळशीत घातली. मग मला एकटीला गाठून तिनं विचारलं, "बांध हाय का गं अजून? व्हता तसा?" मी म्हणाले, हाय. त्यानंतर दिवाळीच्या आतच तात्या गेले. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, लेकीनं गावाला नेऊन आणलं.

लहानपणी आम्ही नदीपलीकडे मावशीकडे जायचो. एसटी धरणाच्या पाण्यावरच्या पुलावर आली की सगळे खिडकीतून नाणं टाकत. आई बत्तासे टाकायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, मासं खात्यात. दरवेळी, न चुकता.

मागच्या महिन्यात मावशीकडे लग्न होतं. आई माझ्या गाडीत होती. मी बाजारातून बत्तासे घेतले होते. पुलावर गाडी हळू केली, पुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि काच खाली केली.

आईनं पुडी उघडली. बाहेर बघितलंही नाही.

"आता कशाला गं?" ती म्हणाली. "तुज्यामुळं तात्या बोलून आलं की त्येच्याशी."

एक बत्तासा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला, एक माझ्यापुढं धरला. मी तो खाल्ला.